ठाण्याचा हिशेब : आपल्याच माणसांनी मिळवलेल्या हक्कांची हकीकत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत विहार कसं उभं राहिलं, कुणी विटा दिल्या, कुणी श्रमदान केलं, हा इतिहास येतो आणि तो यायलाच पाहिजे. आम्ही मात्र यंदा वेगळ्याच इमारतीचा इतिहास सांगायचं ठरवलं आहे. ती इमारत म्हणजे पोलीस ठाणे. आपल्या वस्तीतलं एकही घर असं नसेल की ज्याला कधी ना कधी त्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. कुणी फिर्याद द्यायला गेलं, कुणी पोराला सोडवायला, कुणी पासपोर्टच्या चौकशीला. पण त्या ठाण्याचा कारभार नीट चालतो की नाही हे पाहायचं कुणी, असा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

आम्ही पदवीचे इतिहासकार नाही. आम्ही गिरणीत पाळी करणारी माणसं. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत. पण गिरणीनं आम्हाला एक गोष्ट शिकवली. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टप्रमाणे कायद्याचा गोषवारा कामगाराला समजेल अशा भाषेत फाटकाजवळ लावावा लागे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे शंभर वा जास्त कामगारांच्या कारखान्यात वर्क्स कमिटी नेमता येत असे आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असून चालत नसे. हे नियम मालकाच्या दयेनं आले नव्हते, आणि कामगार जागा नसेल तिथं ते भिंतीवरच्या कागदापलीकडं जातही नव्हते. पोलीस ठाण्याचं तसंच आहे. कायद्यानं आपल्याला खुर्ची दिली आहे. तिच्यावर कुणी बसलं नाही तर ती रिकामीच राहते. या लेखात आम्हाला एवढंच सांगायचं आहे, पण त्यासाठी थोडं मागं जाऊ.

पहारा आपला, अधिकार दुसऱ्याचा

आपले आजे-पणजे वतनी महार म्हणून गावकीची कामं करायचे, निजामी मुलखात काय आणि इंग्रजी मुलखात काय. गावचा पहारा द्यायचा, चोराचा माग काढायचा, सरकारी निरोप पोचवायचा, पाटलाबरोबर वसुलाची रक्कम घेऊन तालुक्याला चालत जायचं. म्हणजे पोलिसाचंच काम! पण अधिकार काडीचा नाही, आणि चोरी झाली की संशयही पहिला त्यांच्यावरच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन पद्धतीविरुद्ध विधेयक आणलं. त्याच वर्षी सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं त्यांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत लष्करात आणि पोलिसात अस्पृश्यांना मुक्त प्रवेश हवा ही एक होती. पोलिसात आपला माणूस नसेल तर ठाण्यात आपलं गाऱ्हाणं कोण ऐकणार, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आपल्यापेक्षाही वाईट दशा पारधी, कैकाडी अशा भटक्या जमातींची होती. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण ठाण्याच्या वहीतला संशय त्या दिवशी पुसला गेला असं कुणीही म्हणणार नाही.

पोलीस खात्याचा मूळ साचा १८६१ च्या पोलीस कायद्यानं घातला. १८५७ च्या उठावानंतर चारच वर्षांनी तो आला. रयतेला धाकात ठेवायचं हा त्याचा हेतू लपून राहिलेला नाही. त्यात हिशेब द्यायचा तो वर. शिपायानं जमादाराला, जमादारानं फौजदाराला, फौजदारानं साहेबाला, साहेबानं सरकारला. खाली, लोकांना हिशेब द्यायची सोय नव्हती. पुढं मुंबई राज्यानं १९५१ साली आपला पोलीस कायदा केला. तोच आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून चालतो, पण हिशेबाची दिशा तशीच वर राहिली.

ही दिशा पहिल्यांदा वळवली ती भारतीय राज्यघटनेनं. कलम २१ नं जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क दिला. कलम २२ नं सांगितलं की अटक केलेल्याला अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करा. ही २४ तासांची अट म्हणजे ठाण्यावर बसवलेला पहिला पहारा! ठाण्याबाहेरच्या माणसानं अटक झालेल्या माणसाला डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे, असा तिचा अर्थ.

देसाईगंज, वरळी आणि नामांतर

कागदावर हक्क आला म्हणून ठाण्यात आला असं होत नाही. मार्च १९७२ मध्ये त्यावेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण घडलं. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं दोघांना सोडलं. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, असं कोर्टाचं म्हणणं. भरल्या ठाण्यात एकटी पोर वर्दीवाल्यापुढं काय झटापट करणार? १९७९ साली दिल्ली-पुण्याच्या चार कायदा शिक्षकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला. ती मुलगी खटला हरली, पण पुढच्या पोरींसाठी कायदा बदलून गेली.

त्याच वर्षी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या पक्षाची सुरुवात कशानं झाली हे फार थोड्यांना माहीत असतं. १९६६ साली ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी पक्ष काढला तो पोलिसांवर नजर ठेवण्यापासून. पोलिसांनी कुणा काळ्या माणसाला रस्त्यात अडवलं की हे कार्यकर्ते कायद्यानं ठरलेल्या अंतरावर उभे राहायचे आणि कायद्याचं पुस्तक उघडून त्या माणसाला त्याचे हक्क मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यांच्या खांद्याला बंदुका असत. ती त्यांच्या देशाची रीत, आपल्याला ती नको. पुस्तक मात्र जरूर घेण्यासारखं आहे.

जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीत पँथरच्या सभेवरून दंगल झाली. पोलिसांच्या वागण्यावर बोट ठेवलं गेलं, आणि न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला. पुढं आपल्या मराठवाड्यावर पाळी आली. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव आपल्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंचं नाव कोण विसरेल? त्या दिवसांची आठवण सांगणारी म्हातारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्या बोलण्यात आगीइतकीच एक गोष्ट येते, ती म्हणजे पोलीस उशिरा आल्याची. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षांच्या लढ्यानं विद्यापीठाला नाव मिळालं. पण जळत्या वस्तीत पोलीस वेळेवर का पोचत नाहीत, त्याचा जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

आयोग येतो तो नंतर

११ जुलै १९९७ ची सकाळ. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक हमरस्त्यावर जमले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असं पोलिसांनी सांगितलं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं हे म्हणणं मानलं नाही. गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढून आयोगानं उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरलं. पुढं खटला चालला आणि मे २००९ मध्ये सत्र न्यायालयानं त्यांना जन्मठेप सुनावली. गोळीबारानंतर जवळजवळ बारा वर्षांनी! त्यानंतर अपील झालं, जामीन झाला.

मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीचं पाहा. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला आणि त्यात ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका होता. पण १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याप्रमाणं आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. आयोग सत्य सांगतो, आणि तेही मोठं काम आहे, आम्ही त्याला कमी लेखत नाही. पण आयोग म्हणजे शवविच्छेदन. माणूस गेल्यावर तो का गेला हे कळतं. आपल्याला हवी ती नजर माणूस जिवंत असताना ठाण्यावर असली पाहिजे.

एका पत्रानं काय झालं

अशी नजर कायद्यात कशी आली ते पाहण्यासारखं आहे. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या कायदा मदत संस्थेचे दिलीपकुमार बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं. दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, निकाल लागला आणि अटकेचे ११ नियम देशभर लागू झाले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद जागेवर करायचा आणि त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. नातेवाइकाला कळवायचं. अंगावरच्या जखमांची नोंद करायची आणि दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. वस्तीतल्या माणसाची सही! म्हणजे कायद्यानंच आपल्याला बोलावलं आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलमांच्या रूपात आल्या आहेत.

दुसरी याचिका पोलीस खात्यातूनच आली. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ साली सुप्रीम कोर्टात गेले. पोलीस राजकारण्यांच्या दावणीला बांधले गेलेत, त्यांना मोकळं करा आणि जनतेला जबाबदार धरा, असं त्यांचं म्हणणं. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. बदल्या आणि नेमणुका नियमानं करा, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असे आदेश झाले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण नेमा, हाही एक आदेश होता. महाराष्ट्रानं २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाची पातळी ठेवली. राज्याचं पोलीस तक्रार प्राधिकरण निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली. कोठडीतला मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन-घर बळकावणं अशा गंभीर तक्रारी तिथं करता येतात. आमचं म्हणणं एवढंच की सुप्रीम कोर्टानं जिल्ह्यात सांगितलेली खिडकी विभागावर नेली, तर लांबच्या जिल्ह्यातल्या मजुराला ती तेवढीच लांब पडते.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शिपाई हाही कामगारच आहे. १९८२ साली १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं. त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. ज्याला स्वतःचं गाऱ्हाणं मांडायला जागा नाही, सणाला सुटी नाही, बारा-बारा तास उभं राहावं लागतं, तो आपलं गाऱ्हाणं कितपत ऐकणार? आज आपली कितीतरी मुलं-मुली भरती होऊन खात्यात गेली आहेत. देखरेख ही त्यांच्याविरुद्ध नाही. वरून चुकीचा हुकूम आला तर प्रामाणिक शिपायाला नियम दाखवून नाही म्हणता यावं, यासाठीही ती हवी.

परभणी आणि आपलं खंडपीठ

आता अगदी अलीकडची, आपल्या शेजारची हकीकत. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, त्याला हिंसक वळण लागलं आणि पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा तरुण होता. वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. सुरुवातीला तब्येत बिघडून मृत्यू झाल्याचं सांगण्यात आलं. शवविच्छेदन आपल्या घाटीत झालं आणि प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेला शॉक हे कारण आलं.

कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यानं चौकशी केलीच पाहिजे, असा कायदा आहे. ती चौकशी झाली आणि अहवालात पोलिसांवर ठपका आला. पण अहवाल आला म्हणून गुन्हा दाखल होत नाही! मग सोमनाथची आई उभी राहिली. तिनं औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. तिच्या वतीनं ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी मुद्दा मांडला की न्यायदंडाधिकाऱ्याच्या अहवालानंतर पुढं काय, याबद्दल कायदा गप्प आहे. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठानं गुन्हा दाखल करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. ३० जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टानं त्या आदेशात हात घालायला नकार दिला. दोषी कोण हे पुढं न्यायालय ठरवील, ते आम्ही ठरवणार नाही. पण एका कष्टकरी आईनं सरकारला हिशेब द्यायला लावला, ही गोष्ट आता इतिहासात नोंदली गेली.

हे खंडपीठ आपल्या शहरात २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालं. त्याआधी मराठवाड्याच्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे मुंबईची रेल्वे आणि मुंबईचा मुक्काम. परभणीच्या माउलीला ते झेपलं असतं का, याचा विचार करा. न्याय जवळ आला की गरिबाच्या आवाक्यात येतो. मग हीच गोष्ट देखरेखीला का लागू होऊ नये?

जवळची देखरेख : भिवंडीचा दाखला

१९८४ साली भिवंडीत भयंकर दंगल झाली होती. पुढं १९८८ च्या सुमारास तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. त्यांत पुढारी नव्हे तर यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक, हिंदू-मुसलमान दोन्ही. एक पोलीस कर्मचारी त्या मोहल्ल्याला जोडलेला. अफवा उठली की बैठक, भांडण झालं की बैठक. डिसेंबर १९९२ मध्ये आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, पण शेजारची भिवंडी शांत राहिली. पुढं मुंबईतही मोहल्ला कमिट्या निघाल्या. भिवंडीनं काय शिकवलं? आग लागल्यावर बंदोबस्त वाढवण्यापेक्षा आधीच शेजारी आणि शिपाई एकमेकांना नावानं ओळखत असले तर बरं.

पण ओळखी अधिकाऱ्यावर अवलंबून असतात. अधिकारी बदलला की कमिटी थंड पडते. म्हणून कायद्यानं दिलेल्या कमिट्या जास्त महत्त्वाच्या. अशा दोन आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी पाठ करून ठेवाव्यात.

पहिली, जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांत, नियम १७ मध्ये, ती आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक सदस्य, खासदार-आमदार सदस्य, आणि अनुसूचित जाती-जमातींचे जास्तीत जास्त पाच अशासकीय सदस्य. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक झालीच पाहिजे. किती गुन्हे दाखल झाले, तपास कुठं अडला, पीडितांना मदत मिळाली का, हे तिथं विचारायचं असतं. २०१३ च्या दुरुस्तीनं उपविभागातही अशी समिती आली. आणि जो बिगर-दलित अधिकारी या कायद्याखालचं आपलं कर्तव्य जाणूनबुजून टाळतो, म्हणजे फिर्याद घेत नाही, वाचून दाखवत नाही, प्रत देत नाही, त्याला कलम ४ प्रमाणे सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे.

दुसरी, सीसीटीव्ही देखरेख समिती. २ डिसेंबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं परमवीर सिंह सैनी खटल्यात आदेश दिला की प्रत्येक ठाण्यात फाटक, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्याची खोली, मागची बाजू, सगळीकडं कॅमेरे हवेत. चित्राबरोबर आवाजही हवा, रात्रीचंही दिसायला हवं. चित्रण १८ महिने ठेवायचं, निदान वर्षापेक्षा कमी नाही. जिल्ह्याच्या समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि शहराचे महापौर किंवा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कॅमेरे चालू आहेत का एवढंच नाही, तर चित्रण पाहून न कळवलेला अन्याय झालाय का हे तपासणं हेही या समितीचं काम. महापौर कुणाच्या मतांनी होतो? आपल्याच ना? मग मत मागायला येणाऱ्याला आपण गटार आणि नळाबद्दल विचारतो, तसं ठाण्याच्या कॅमेऱ्याबद्दलही विचारू शकतो.

कॅमेऱ्याची किंमत अमेरिकेनं दाखवली. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात वैद्यकीय कारणाचाच सूर होता. रस्त्यात उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या एका मुलीनं मोबाइलवर सगळं टिपलं म्हणून जगाला खरं कळलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये तो पोलीस दोषी ठरला.

आपण काय करायचं

इतिहास वाचून पुस्तक मिटायचं नसतं. आम्ही विहाराच्या कार्यकारिणीपुढं आणि वाचकांपुढं चार कामं ठेवतो.

एक, विहारात एक जाड वही ठेवा. वस्तीतलं कुणी ठाण्यात गेलं, कुणाला उचललं, तर तारीख, वेळ, ठाण्याचं नाव, अधिकाऱ्याच्या पट्टीवरचं नाव लिहून ठेवायचं. एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, ती त्यात लावायची. ठाण्यानं फिर्याद घेतली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडं लेखी पाठवायची आणि तरी दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्याकडं जायचं. परभणीच्या आईजवळ अहवाल होते, कागद होते, म्हणून तिचं म्हणणं उभं राहिलं. कागद नसता तर रडणं उरलं असतं.

दोन, विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : अटकेचं कारण सांगितलंच पाहिजे, नातेवाइकाला कळवलंच पाहिजे, २४ तासांत कोर्टापुढं नेलंच पाहिजे, कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुलं आणि कोठडीतली माणसं यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं उत्पन्न न पाहता मोफत वकील आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. हा नंबर घरातल्या पोरांकडून पाठ करून घ्या.

तीन, माहितीच्या अधिकारात वर्षातून एकदा साधे प्रश्न विचारा. दक्षता समितीच्या बैठका किती झाल्या, कोणत्या तारखांना? अशासकीय सदस्य कोण? ठाण्यात कॅमेरे किती, बंद किती, कधीपासून? देखरेख समितीच्या बैठकीचं इतिवृत्त द्या. उत्तर येवो न येवो, विचारणारं कुणीतरी आहे एवढं कळलं तरी कारभार सुधारतो. गिरणीत फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार म्हटलं की आदल्या दिवशी साच्यांवरची जाळी आपोआप बसायची, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

चार, खोटी फिर्याद कधीही देऊ नका आणि देऊ देऊ नका. शेजाऱ्याचा वचपा काढायला कायदा वापरला तर उद्या खऱ्या फिर्यादीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. तसंच चांगलं काम करणाऱ्या पोलिसाचं जाहीर कौतुक करा. बीटचा हवालदार विहाराच्या कार्यक्रमाला येतो तेव्हा त्याला चहा द्या आणि वहीही दाखवा. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

आमच्या शहराचं पोलीस आयुक्तालय मिल कॉर्नरला आहे. ज्या गिरणीवरून त्या चौकाला नाव पडलं, तिचा भोंगा आता वाजत नाही, पण नाव राहिलं. त्या रस्त्यानं पाळीला जाणाऱ्या माणसांनी एकेकाळी पगाराचा, पाळीचा, अपघाताचा हिशेब मागितला आणि घेतलाही. त्यांच्या नातवंडांपैकी नागसेनवनात शिकलेली कितीतरी आज वकील आहेत, शिक्षक आहेत. त्यांनी आठवड्यातला एक तास विहारात बसून लोकांचे अर्ज लिहून द्यावेत. पुढच्या वर्धापनदिनाला ती वही सर्वांसमोर वाचून दाखवावी, आणि किती अर्जांना उत्तर आलं ते मोजावं.

जयभीम!